सागखिंडीचा डावा फाटा

आपल्याला शांततेची गरज आहे, ही गोष्ट नरहरी चुरी यांना वयाच्या तिसाव्या वर्षी कळली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रंगाच्या कारखान्यात ते फिटर होते. त्यांच्या कामाच्या जागेशेजारी एक भले मोठे लोखंडी पिंप अहोरात्र फिरत असे. पिंपात दगडी गोळे असत आणि ते गोळे रंगाची भुकटी दळत. पहिली दोन वर्षे त्या आवाजाचे काही वाटले नाही. पुढे मात्र घरी जेवायला बसले तरी कानांत गोळे फिरत राहिले. पत्नी सुलू वाढता वाढता विचारायची, "भात घालू का अजून?" आणि नरहरी नुसते तिच्या ओठांकडे पाहत राहायचे. डावा कान तेव्हापासून मंद होत गेला.

अशाच एका शुक्रवारी, म्हणजे कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ते काही न ठरवता सायकल घेऊन पूर्वेकडे निघाले. कुंभवली मागे पडली, बोईसरचा बाजार मागे पडला, नागझरी गेली, मासवण आले. सूर्या नदीच्या पुलावर ते सायकल टेकवून उभे राहिले. खाली पाणी संथ होते. एक बाई खडकावर गोधडी आपटत होती आणि तो आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला. कानांतले पिंप थांबले होते. नरहरींनी हे कोणाला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काय आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगले नव्हते. पण पुढचा शुक्रवार आला तेव्हा ते पुन्हा निघाले. एकतीस वर्षे निघत राहिले.

या एकतीस वर्षांत त्यांनी महामार्गाच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे छोटे रस्ते पालथे घातले. डोंगरातल्या पाड्यांना जोडणारे ते रस्ते एका गाडीपुरतेच रुंद होते. दोन्ही बाजूंना साग, मधून मधून ताड, भाताची खाचरे, मग एकदम चढ, चढावर वळण, वळणापाशी चार घरे. नरहरींनी एक दोनशे पानी वही केली होती. तिच्यात प्रत्येक रस्त्याचे चित्र, पाण्याच्या जागा, सावलीची झाडे आणि चढ लिहिलेले असत. चढ मोजण्याची त्यांची रीत फिटरची होती. एक मीटरची सपाट पट्टी आणि गवंड्याची पाणसळ ते पिशवीत ठेवत. पट्टी रस्त्यावर धरून तिचे खालचे टोक इतके उचलायचे की पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईल, मग पट्टी आणि रस्ता यांमधले अंतर मोजायचे. सहा सेंटिमीटर भरले, तर चढ सहा टक्के. हे काम ते गुडघे टेकून, अगदी मन लावून करत. जाणारे येणारे हसत. "चुरीशेट, रस्ता विकत घेताय का?" असे कोणी विचारले, तर ते म्हणत, "नाय रे बाबा, फक्त बघतोय."

निवृत्तीनंतर ते बोईसरला प्रीतमच्या सायकल दुकानात बसू लागले. वाकड्या चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुकानही शुक्रवारीच बंद असे, कारण गिऱ्हाईक कारखान्यांचे. त्यामुळे नोकरी सुटली तरी नरहरींचा वार बदलला नाही. हे येथे मुद्दाम सांगितले आहे, कारण पुढचे सगळे दुःख त्या एका वारातून आले.

ललित सावे प्रथम आला तो मागचे चाक घेऊन. तो पालघरला जिल्ह्याच्या कचेरीत लिपिक होता, वय एकोणचाळीस, अंगाने सडसडीत. चाक फिरवून पाहताना नरहरींनी त्याला विचारले, "एवढी गेरची सायकल घेऊन फिरता कुठे तुमी?"

"सध्या तरी पालघर ते केळवे, काका. पण जूनमध्ये फ्रान्सला जायचंय."

"सायकलवर?"

"तिथपर्यंत विमानानं. तिथे गेल्यावर सायकलवर."

प्रीतम म्हणाला, "काका, यांना पंक्चरचं सामान जास्त द्या. तिकडून फोन आला तर आपल्याला जायला जमणार नाय." ललितही हसला.

दुसऱ्या खेपेला त्याने एक पुस्तिका आणली. त्याचा कॉलेजातला मित्र सुजित नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये राहत होता आणि त्याने ती पाठवली होती. तिच्यात तिकडच्या डोंगराळ मुलखातले, कमी वर्दळीचे, सायकलने जाण्याजोगे रस्ते दिले होते. भाषा फ्रेंच होती, पण समासात सुजितने पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते. नरहरींनी हात पुसले, चष्मा लावला आणि स्टुलावर बसून ती पुस्तिका पहिल्या पानापासून पाहिली. दुकानात गिऱ्हाईक आले आणि गेले, त्यांना पत्ता नव्हता.

डोंगराच्या माथ्यावर दगडी घरांचे गाव होते. खाली गायींची कुरणे आणि दोन शेतांमधून वळत जाणारा, शिंपी दोरा टाकतो तसा, बारीक रस्ता होता. एका पानावर चेस्टनटचे रान होते, समासात सुजितने लिहिले होते, "फणसाच्या आठळीसारखं लागतं, भाजून खातात." गावाच्या चौकात दगडी तोटी होती आणि तिचे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही याची खूण दिली होती. पाव भाजणाऱ्याचे दुकान सोमवारी बंद, हेही लिहिले होते. प्रत्येक चढाची लांबी आणि टक्केवारी होती. "साडेचार किलोमीटर, सरासरी सहा टक्के," असे एका चढाखाली वाचून नरहरी थांबले. परक्या देशात कोणीतरी आपल्याचसारखे रस्ते मोजत बसले आहे, याचे त्यांना फार नवल वाटले. एकतीस वर्षांत असे दुसरे माणूस त्यांना भेटले नव्हते.

"असा चढ इथे आहे का, काका?" ललितने विचारले. "मला सराव करायचाय. किनाऱ्यावर सगळं ताटासारखं सपाट."

"हाय," नरहरी म्हणाले. "सागखिंड. चार किलोमीटर, सहा टक्के. मधे एका ठिकाणी नऊ."

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक रस्त्यापुढे वर्दळ दाखवणारी दोन गोल टिंबे होती, कमी वर्दळीला हिरवी, जास्तीला पिवळी. सुजितने समासात लिहिले होते, "पहिलं कामाच्या दिवसाचं, दुसरं सुट्टीच्या दिवसाचं." नरहरींनी ते वाचले होते. नंतर त्यांना ते वाचल्याचे पक्के आठवले. पण त्या वेळी त्यांना वाटले की ही तिकडच्या लोकांची हौस आहे. शांत रस्ता तो शांतच. आपल्या वहीत त्यांनी एकच टिंब काढले, हिरव्या स्केचपेनने.

दोन महिने ते या कामात बुडून गेले. पुस्तिकेतल्या प्रत्येक रस्त्याला त्यांनी इकडचा एक जोडीदार शोधला. दोन शेतांमधून जाणाऱ्या वळणाला सूर्येच्या कालव्याकाठचा रस्ता आणि चेस्टनटच्या रानाला मनोरपलीकडचे सागाचे रान. असे अकरा रस्ते झाले. ललितने ती पाने नीट लिहून घेतली, झेरॉक्स काढल्या आणि वरती ठळक अक्षरांत नाव घातले, "नरहरीकाकांचे शांत रस्ते". पालघरला रविवारी सायकल चालवणाऱ्यांचा एक लहान गट होता. त्यातल्या नऊ जणांनी प्रती घेतल्या. त्या गटाची प्रमुख किंजल पालघरच्या एका शाळेत शिकवत असे. ती खास दुकानात येऊन म्हणाली, "काका, पुढच्या पानावर तुमची सही पाहिजे."

नरहरींनी आयुष्यात हजेरीपटाखेरीज फारशा सह्या केल्या नव्हत्या. त्यांनी ती सही हळूहळू केली. घरी आल्यावर सुलूला म्हणाले, "आज सही घेतली माजी."

"कोनी, बँकेवाल्यानं?"

"नाय. मास्तरीणबाईनं."

त्या दिवशी सुलूने न सांगता सुक्या बोंबलाची चटणी केली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी सकाळी ललित एकटाच सागखिंडीत गेला. सव्वाआठच्या सुमारास, नऊ टक्क्यांच्या चढावर, वरून खडी भरून येणाऱ्या डंपरने वळणावर त्याला दाबले. डंपर थांबला नाही. वरच्या पाड्यातल्या लोकांनी त्याला झोळीत घालून खाली आणले. मनोर, तेथून पालघर, तेथून मुंबई. तिसऱ्या दिवशी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

प्रीतमने ही बातमी दुकानात सांगितली, तेव्हा नरहरींच्या हातात चाक होते. त्यांनी ते जमिनीवर ठेवले. मग त्यांनी विचारले, "कुठं झाला म्हनतोस?"

"खिंडीत. तुमच्याच त्या."

"तिथं डंपर नाय येत," नरहरी म्हणाले.

ते मुंबईला दवाखान्यात गेले तेव्हा ललित उशीला टेकून बसलेला होता. पांघरूण डाव्या बाजूला एकदम सपाट झाले होते. नरहरींनी तिकडे पाहायचे नाही असे ठरवले होते आणि प्रथम तिकडेच पाहिले. पलंगाजवळ त्याची पत्नी जागृती संत्रे सोलत होती.

"या, काका," ललित म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? चूक माझीच आहे."

"तुजी कशी?"

"खिंडीच्या खाली फाटा आहे ना? तुम्ही डावा लिहिलाय. मी उजव्याला गेलो असणार. मला नीट आठवत नाही, पण डाव्याला असतो तर डंपर कसा असेल? तुमच्या वहीत हिरवं टिंब आहे."

जागृतीने संत्र्याची फोड बशीत ठेवली. "मी रोज तेच म्हणते," ती म्हणाली. "काकांनी एवढं डोळ्यांत तेल घालून लिहून दिलं. ते सरळ वाचता आलं नाही यांना? कुठंही निघायचं आणि डोकं घरी ठेवायचं. आता बसा." ती हे रागाने बोलली नाही. पुष्कळदा बोलून झालेले बोलणे कसे घासून गुळगुळीत होते, तसे ते होते. ललितने मान खाली घातली.

येथे नरहरींचा जीव भांड्यात पडला. ही गोष्ट त्यांना पुढे कधीही स्वतःपाशी नाकारता आली नाही. त्या क्षणी, त्या सपाट पांघरुणासमोर उभे राहून, त्यांच्या मनात आधी आले ते हे, की म्हणजे माझे काही चुकलेले नाही.

परतताना मात्र सबंध वाटेत त्यांना ललितचे शब्द टोचत राहिले. उजवा फाटा एका बंद पडलेल्या शाळेपाशी संपत होता. तिकडे चढच नव्हता. नऊ टक्क्यांचे वळण डाव्या रस्त्यावर होते, आणि ललित चढावर सापडला होता.

दोन दिवसांनी, बुधवारी, त्यांनी प्रीतमकडे सुट्टी मागितली आणि सायकलने खिंड गाठली. फाट्याच्या आधीच त्यांना आवाज ऐकू आला. उजव्या कानाने ऐकू आला, आणि मग पायाखालच्या जमिनीतून जाणवला. एक डंपर वळणावरून उतरत आला, त्याच्या मागे दुसरा. साग दोन्ही बाजूंनी पांढरे झाले होते. नरहरी सायकलसह गटारात उतरून उभे राहिले. धूळ खाली बसते न बसते तोच तिसरा आला.

फाट्यावर सोमी नावाची एक म्हातारी काकडी आणि ताडगोळे विकायला बसत असे. नरहरी तिच्याकडून वर्षानुवर्षे पाणी मागून पीत. तिने त्यांना ओळखले आणि आश्चर्याने पाहिले.

"तुमी शुक्करवारचे सायकलवाले ना? आज कसे आले?"

"हे डंपर कधीपासून हायत, आजी?"

"दोन वर्सां झाली की. वर डोंगर फोडतात. रस्त्याच्या कामाला खडी जाते."

"मी तर दर आठवड्याला येतो. मला एकबी दिसला नाय. झाडं पांढरी दिसायची, ती मी रस्त्याची धूळ समजलो."

सोमीने तोंडावरचा पदर झटकला. "तुमी येता शुक्करवारी. शुक्करवारी त्यांची लाईट बंद असतं, मशीन बंद असतं. त्या दिवशी आमीबी कपडे वाळत घालतो. बाकीचे दिवस घातले तर पांढरे होतात."

नरहरी तिच्या टोपलीजवळच्या दगडावर बसले. सोमी अजून काही सांगत होती. पाड्यातली एक शेळी गेली, एक पोर थोडक्यात वाचले, सायकलवाला तो बिचारा मात्र गेला कामातून. ते ऐकत होते आणि ऐकतही नव्हते. एकतीस वर्षे त्यांनी जो मुलूख पाहिला, तो आठवड्यातून एकाच दिवशी असतो. पाणसळ लावून, गुडघे टेकून, सेंटिमीटर मोजून त्यांनी जे लिहिले, ते सगळे खरे होते, आणि शनिवार ते गुरुवार ते खोटे होते. आणि ज्याला त्यांनी ते दिले, त्याची सुट्टी रविवारची होती. हे त्यांना ठाऊक होते. ललित रविवारी जातो हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि तरी मनात आले नव्हते.

त्या दिवशी त्यांनी घरी येऊन सुलूला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवले.

"त्याला वाटतं का तुमचं चुकलं म्हनून?"

"नाय. त्याला वाटतं त्याचंच चुकलं."

"मग ऱ्हाऊ द्या."

"सुले, ती त्याला रोज बोलते. माज्या वहीवरून बोलते."

"तुमी सांगून त्याचा पाय परत येनार हाय का?" सुलू म्हणाली. "नाय येनार. वर तुमी गावभर वाईट व्हाल. या वयात कशाला? आतापावत तुमाला कोन विचारत होतं? आता चार मानसं काका काका म्हनतात. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या." थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "डंपरवाल्यानं मारलं त्याला. तुमी नाय मारलं."

सुलूचे बोलणे खोटे नव्हते. म्हणूनच नरहरींना ते फार सोयीचे वाटले आणि म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटली. ते पाच आठवडे गप्प राहिले. दुकानात ते चाके सरळ करत बसत, पण आऊट निघेना. प्रीतम म्हणाला, "काका, डॉक्टरला डोळे दाखवा." शुक्रवार आले तसे गेले. ललित दवाखान्यातून घरी आला, हे कळले. किंजल एकदा येऊन म्हणाली की एप्रिलमध्ये गट सागखिंडीला जाणार आहे, ललितच्या नावाने, आणि सगळे काळजीपूर्वक डाव्या फाट्यानेच जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पालघरला गेले.

ललितचे घर पहिल्या मजल्यावर होते. तो खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. भिंतीला कुबड्या टेकवल्या होत्या. जागृतीने दार उघडले, पाणी दिले आणि विचारले, "चहा ठेवू ना, काका?"

"आदी माजं ऐकून घे, बाय. तूबी बस."

ती बसली नाही, दारापाशी उभी राहिली. नरहरींनी जे ठरवून आणले होते, ते सगळे विसरले. त्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी सोमीचे सांगितले, मग विजेचे, मग शुक्रवारचे, आणि सर्वांत शेवटी, जे पहिल्यांदा म्हणायचे होते, ते म्हणाले, "तू डाव्यालाच गेला होतास, ललित. वहीत लिहिल्यापरमानंच गेलास. वहीच चुकली. मी चुकलो."

खाली रिक्षावाले भाड्यावरून घासाघीस करत होते.

"डाव्याला," ललित म्हणाला.

"व्हय."

"म्हणजे मी बरोबर गेलो होतो."

"बरोबर गेलास."

ललितने जागृतीकडे पाहिले नाही. ती दाराची चौकट धरून उभी होती. सात आठवडे ती ज्या शब्दांनी त्याला बोलत आली, ते सगळे शब्द आता तिच्याकडेच परत येत होते, आणि ते कोठे ठेवावेत हे तिला कळत नव्हते. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"तुम्ही कधी गेलात तिकडे? बघायला?" तिने विचारले.

"अपघातानंतर दुसऱ्याच आठवड्यात. तुमाला भेटून आलो, त्याच्या दोन दिवसांनी."

"म्हणजे पाच आठवडे झाले."

"व्हय."

"पाच आठवडे तुम्हाला माहीत होतं. आणि मी यांना रोज..." ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचा नाही, कशाचाच नाही. मग ती बाहेर आली आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "काका, आता तुम्ही जा. पुन्हा येऊ नका."

नरहरी उठले. त्यांना वाटले ललित काही बोलेल. तो "जाऊ द्या काका" म्हणाला असता, तर त्यांना बरे वाटले असते; आणि त्यांनी स्वतःलाच मनात बजावले की तुला बरे वाटावे म्हणून तू येथे आलेला नाहीस. ते चपला घालत असताना ललित म्हणाला, "नऊ जणांकडे प्रती आहेत."

"ठाऊक हाय."

"त्यांना सांगा. आजच सांगा."

"सांगतो."

"आणि बाकीचे दहा रस्ते? तेही तसेच असतील."

"नाय माहीत," नरहरी म्हणाले. हे उत्तर देताना त्यांना जेवढी लाज वाटली, तेवढी मघाशीही वाटली नव्हती. आपल्या रस्त्यांविषयी त्यांना कोणी विचारावे आणि त्यांनी माहीत नाही म्हणावे, असे पूर्वी कधी झाले नव्हते.

त्या दिवसापासून आठवडाभर ते एकेकाच्या घरी गेले. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितले आणि प्रत परत मागितली. एकाने प्रत देऊन दार लावून घेतले. एकाने त्यांना बसवून सरबत दिले आणि ललितविषयी एक शब्दही काढला नाही. नरहरींनी अर्धा पेला तसाच ठेवला. एका औषध दुकानदाराने गल्ल्यावरूनच ऐकवले, "अहो, मग नकाशे काढायचा उद्योग करायचाच कशाला? पोरखेळ आहे का हा?" नरहरी म्हणाले, "खरं हाय तुमचं." आणि हात पुढे करून उभे राहिले, प्रत मिळेपर्यंत. आठ प्रती जमल्या. नववी किंजलकडे होती आणि ती नाशिकला माहेरी गेलेली होती. फोनवर ती म्हणाली, "काका, तुम्ही उगीच मनाला लावून घेता. अपघात कुठेही होतो. ग्रुपचं सगळं ठरलंय, टी-शर्टसुद्धा छापून झालेत. आम्ही सांभाळून जाऊ."

"किंजलबाय, जाऊ नका."

"बघते," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून त्यांना कळले की ती बघणार नाही.

मग त्यांनी दुकानातले काम सोडले. आठवड्याचा एकेक वार घेऊन ते एकेका रस्त्यावर जाऊन बसू लागले. सकाळी सातपासून अकरापर्यंत, रस्त्याच्या कडेला, पोत्यावर. जाणारी प्रत्येक जड गाडी ते वहीत रेघ मारून नोंदवत. सूर्येच्या कालव्याकाठी सोमवारी रेतीच्या गाड्या होत्या. मनोरपलीकडच्या सागाच्या रानात मंगळवार आणि गुरुवार कारखान्यांचे टँकर होते. ते त्या रानात कशासाठी जातात, हे विचारण्याचे धाडस नरहरींना झाले नाही. पहिल्या पंधरा दिवसांत पाच रस्ते खोडावे लागले. पूर्वी ज्या झाडाखाली बसून ते डबा खात, त्याच झाडाखाली बसून ते रेघा मारत, आणि कान, जो एकच उरला होता, तो आवाजाने भरून जाई. घरी सुलू पुन्हा एकेक गोष्ट दोनदा विचारू लागली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ते पहाटेच निघाले आणि सातच्या आत सागखिंडीच्या फाट्यावर पोहोचले. सोमी अजून आली नव्हती. पहिला डंपर सात वाजून पाच मिनिटांनी उतरला. नरहरी डाव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकल आडवी लावून उभे राहिले. डंपरवाल्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या दिल्या. प्रत्येक वेळी ते सायकल बाजूला घेत आणि गाडी गेली की पुन्हा आडवी लावत.

पावणेआठला गट आला. चौदा जण होते, सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, त्यांवर ललितचे नाव. किंजल पुढे होती. तिने त्यांना पाहून ब्रेक लावला.

"काका, हे काय?"

त्यांना उत्तर द्यावे लागले नाही. वळणावरून डंपर आला, पाठोपाठ दुसरा, आणि चौदा जण आपापल्या सायकली घेऊन गटारात उतरले. धुळीने पिवळे टी-शर्ट पांढुरके झाले. कोणीतरी खोकू लागले. किंजलने वर वळणाकडे पाहिले. मग तिने पाठीवरच्या पिशवीतून झेरॉक्सची प्रत काढली आणि नरहरींच्या हातात दिली. तिने माफी मागितली नाही आणि त्यांनाही ती नको होती.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्या लांब आलोय. मग आता कुठून जायचं, काका? कोणता रस्ता शांत आहे ते तरी सांगा."

चौदा जण त्यांच्याकडे पाहत होते. नरहरींनी वही उघडली. अकरा रस्त्यांपैकी सहा खोडलेले होते. उरलेल्या पाचांवर ते रविवारी अजून बसले नव्हते.

"मला सांगता यायचं नाय," ते म्हणाले. "तुमी आल्या वाटेनं घरी जा."

गट थोडा वेळ घुटमळला, आपसांत बोलला, आणि मग एकेक करून सायकली वळल्या. वरून आणखी एक डंपर उतरत होता. नरहरींनी रेघ मारली आणि सायकल बाजूला घेतली.